प्यायचं पाणी, वापरायचं पाणी

मे महिन्यातली दुपार, दोनचा सुमार, जळगावातलं हार्डवेअरचं दुकान. बाहेर पाइपांची वेटोळी टांगलेली. एक हिरवं, एक पिवळं, एक निळं, आणि एक पारदर्शक, आत पांढरी जाळी असलेलं. उन्हानं सगळी अशी ढिली पडलेली की गोल वेटोळं पपईसारखं लांबट झालंय. मोटरहोमची, म्हणजे राहायच्या गाडीची, पाण्याची टाकी भरायला नळी शोधणारं गिऱ्हाईक त्यातल्या एकाला हात लावून विचारतं, "हाऊ पाइप पेवाना पानीले चाली का?" दुकानदार वहीतून मान वर काढत नाही. "पानी ते पानी शे भाऊ, पाइपले काय समजस!"

पाइपाला समजत नाही हे खरंच. पण केळीच्या बुंध्याशी पाणी थेंबाथेंबानं मोजणारा हा मुलूख, जिथल्या ठिबकच्या नळ्या परदेशी जातात, तिथे हे उत्तर ऐकून हसू येतं. दुकानदाराचीही चूक नाही म्हणा. हा प्रश्न त्याला वर्षातून एखाद्यानंच विचारला असेल.

एरवी पाण्याच्या बाबतीत आपण काय कमी सोवळे आहोत? घरोघरी पाण्याच्या दोन पंगती. प्यायचं पाणी तिवईवरच्या माठात, त्यावर झाकण, झाकणावर ओगराळं. वापरायचं पाणी ड्रममध्ये, हौदात, मोरीतल्या बादलीत. पाहुण्यानं चुकून वापरायच्या हंड्यात पेला बुडवला तर घरातल्या तीन बायका एकदम ओरडतात. माठ रोज घासला जातो, गाळायचं फडकं वेगळं वाळत घातलं जातं. आणि नळ आला, म्हणजे आठ दिवसांनी एकदाचा आला, की हे दोन्ही पाण्यांचं भरणं एकाच हिरव्या पाइपानं होतं. तोच पाइप सकाळी गाडी धुवायला, तोच संध्याकाळी अंगणात पाणी मारायला, तोच कधी गटार तुंबली की आत खुपसायला. माठाचं सोवळं पाइपापाशी येऊन सुटतं.

मोटरहोम घेऊन फिरणाऱ्यांची अडचण इथेच सुरू होते. २०२१ साली राज्यानं कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, आणि आता डिसेंबरात सारंगखेड्याच्या घोडेबाजाराला किंवा पावसाळ्यात तोरणमाळला अशी एखादी चाकांवरची खोली उभी दिसते. शब्द नवा, पण गाडीत पाणी बांधून चालणं खान्देशाला नवं नाही. चैत्रात सप्तशृंगगडाला पायी निघालेल्यांच्या मागे टँकर असतोच, आषाढीला मुक्ताईच्या पालखीबरोबरही असतो. फरक एवढाच की मोटरहोमची शंभर लिटरची टाकी फरशीखाली किंवा बाकाखाली दडलेली असते. तिला माठासारखं रोज घासता येत नाही. आत जे गेलं ते गेलं. म्हणून तिच्यात पाणी सोडणारी नळी निवडताना डोकं लावायचं.

बागेचा पाइप मऊ असतो, आणि तो मऊपणा फुकट मिळत नाही. पीव्हीसी मुळात कडक असतं. घरातल्या भिंतीत असतो तो पांढरा पाइप पाहा. त्याला वाकवायचं तर त्यात तेलासारखं प्लॅस्टिसायझर मुरवावं लागतं, मऊ नळीच्या वजनाचा तिसरा हिस्सा सहज तेच भरतं. स्वस्त मालात ते थॅलेट जातीचं असतं आणि ते प्लॅस्टिकला घट्ट बांधलेलं नसतं, हळूहळू बाहेर येतं. ऊन जितकं जास्त तितकं लवकर. त्यात माल परत वितळवलेल्या प्लॅस्टिकचा असेल तर आधी ते काय होतं हे कुणालाच ठाऊक नाही. जळगावच्या एमआयडीसीत जुन्या प्लॅस्टिकच्या झकास चटया होतात. चटईवर झोपायचं असतं, ती प्यायची नसते. पीव्हीसी टिकावं म्हणून पूर्वी त्यात शिशाचे क्षार घालत, काही मालात अजून असतात. अमेरिकेत बागेच्या कितीतरी पाइपांच्या वेष्टनावरच 'यातून पिऊ नका' असं छापलेलं असतं. आपल्याकडे वेष्टनच नसतं. वेटोळं सुतळीनं बांधलेलं असतं.

आणि तरीही आपण सगळे ते प्यायलेले आहोत. उन्हाळ्याच्या संध्याकाळी गच्चीवर किंवा अंगणात खाटा टाकायच्या आधी पाणी मारायचं असे. पाइप दुपारभर उन्हात पडलेला. पहिलं पाणी चटका बसेल इतकं कढत, त्यावर पोरांची उडी, किंचाळ्या, मग ते कोमट, मग एकदम गार. गार झालं रे झालं की तोंड पाइपाला. त्या पाण्याला एक गोडसर, रबरी, नव्या दप्तरासारखी चव होती. तापलेल्या मातीचा वास त्यात मिसळलेला. आज ती चव म्हणजे प्लॅस्टिसायझर हे कळूनही तोंडाला पाणी सुटतं, याला काय म्हणावं! मोठी माणसं मोटार बंद असताना हौदातलं पाणी काढायला पाइपाचं टोक तोंडात धरून ओढायची, आणि पहिला घोट थुंकायला नेहमी उशीर व्हायचा. (तसं करायची गरजच नसते. नळी आधी पाण्यानं पूर्ण भरून घ्यायची, दोन्ही टोकांना अंगठे लावायचे, एक टोक हौदात बुडवून दुसरं खाली नेऊन सोडायचं. पाणी आपोआप वाहतं.)

तर नळी. 'फूड ग्रेड' हे दोन शब्द चिठ्ठीवर असले तर त्यांना फारसा अर्थ नाही, नळीच्या अंगावर ठराविक अंतरानं छापलेले असावेत. परदेशी नळीवर एनएसएफ/एएनएसआय ६१ (अमेरिकेचं मानक) किंवा एएस/एनझेडएस ४०२० (ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडचं) असं काही दिसलं तर ती पिण्याच्या पाण्यासाठी तपासलेली आहे. आपल्याकडे अन्न, औषधं आणि पिण्याचं पाणी यांच्याशी संपर्क येणाऱ्या पीव्हीसीसाठी आयएस १०१५१ हे मानक आहे. हार्डवेअरवाल्याकडे असं काही मिळालं नाही तर डेअरीचं सामान विकणाऱ्याकडे जावं. दूध काढायच्या यंत्राची नळी फूड ग्रेड असते, आणि दुधाचा माणूस वासाच्या बाबतीत पाण्याच्या माणसापेक्षा जास्त काटेकोर असतो. आरओ मशीनची पांढरी नळी चांगलीच, पण ती पाव इंची. तिनं शंभर लिटर भरत बसलात तर भरीत होऊन, खाऊन, हात धुऊन झाले तरी टाकी अर्धीच. शेतातला निळा लपेटा पाइप आणि ठिबकची सोळा मिलिमीटरची काळी नळी मात्र नको. दोन्ही आपापल्या जागी उत्तम, पण ती पिकासाठी बनलेली.

घरी एक परीक्षा करावी. नळीचा वीतभर तुकडा स्टीलच्या डब्यात टाकून वर कढत पाणी ओतायचं आणि झाकण लावायचं. दुसऱ्या डब्यात तेच पाणी नुसतं. अर्ध्या तासानं दोन्ही झाकणं उघडून आलटून पालटून वास घ्यायचा. दुकानातल्या वासावर जाऊ नये, तिथे सगळ्यालाच रबराचा वास येतो. ज्या नळीच्या पाण्याला दप्तराचा वास आला ती गाडी धुवायला ठेवावी. वास आला नाही म्हणजे सगळं निर्धोक, असंही नाही. शिशाला ना वास, ना चव. आयएस १०५०० प्रमाणे पिण्याच्या पाण्यात ते लिटरला ०.०१ मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही, आणि ते जिभेला कळायचं नाही. म्हणून छापील खूण आणि नाक, दोन्ही हवं.

पारदर्शक नळी दिसायला सुरेख आणि आतलं दिसतं म्हणून मनाला बरी वाटते. महिन्याभरात आतलं खरंच दिसू लागतं: शेवाळ. उजेड आणि ओल, त्याला आणखी काय हवं? नळी उजेड न जाणारी घ्यावी, बाहेरून पांढरी किंवा निळी. रंगाचा दुसरा उपयोग असा की सांडपाण्याची नळी करडी किंवा काळी ठेवली की अंधारात हातसुद्धा चुकत नाही. ही नळी आणि ती नळी एका खणात ठेवायची नाही. इथे मोरीची बादली आणि माठ यांचा नियम जसाच्या तसा लागू.

आकारात लोक फसतात. तीन मीटर उंच टाकीतून पंधरा मीटर नळी लावली, आणि जोडण्यांचा अडथळा सोडला, तर अर्ध्या इंचीतून मिनिटाला साधारण दहा लिटर पाणी येतं, पाऊण इंचीतून अठ्ठावीस-तीस. म्हणजे शंभर लिटरला दहा मिनिटं विरुद्ध साडेतीन. परदेशातल्या पुस्तकांत नळाला जोडायच्या आधी दाब कमी करणारा रेग्युलेटर लावा असं बजावलेलं असतं, तिथे नळाचा दाब गाडीचे सांधे फोडू शकतो. आपल्याकडे दहा मीटर उंच टाकीखाली उभं राहिलं तर चौरस सेंटिमीटरला एक किलोचा दाब, आणि तो नळापर्यंत येईतो गल्लीतल्या मोटारींनी ओढून घेतलेला. आपल्याला दाब फार आहे ही काळजी करायची वेळ येत नाही. म्हणून पाऊण इंची घ्यावी. वजन सोसवत नसेल तर पाच अष्टमांश, म्हणजे सोळा मिलिमीटरची. पंधरा मीटरचं एकच लेंढार घेण्यापेक्षा साडेसात-साडेसातचे दोन तुकडे आणि मध्ये कपलिंग बरं. बहुतेक वेळा एका तुकड्यात भागतं.

पंपानं ओढायचं असेल, विहिरीतून किंवा ड्रममधून, तर जाळीची नळीसुद्धा कामाची नाही. आतून दाब आला तर ती टिकते, बाहेरून दाब आला की चपटी होते आणि पंप नुसता घुरघुरतो. ओढायच्या बाजूला कडक वळ्यांची सक्शन नळीच हवी, आणि तीही फूड ग्रेड. नळाच्या लाइनवर थेट मोटार लावायची सवय तर सोडाच. लाइनीत उलटा ओढा तयार होतो आणि जिथे पाइप फुटलेला असेल तिथून गटारीचं पाणी आत येतं. हे सगळ्यांना माहीत असतं, आणि नळ आला की सगळ्यांच्या मोटारी सुरू होतात.

जोडणीचा घोळ वेगळाच. मागवलेल्या अमेरिकन नळीच्या तोंडाला इंचाला साडेअकरा आटे असतात, आपल्या पाऊण इंची नळाला चौदा. दोन फेरे बसतात, तिसऱ्याला अडतात, आणि पान्यानं जोर लावला की पितळ कापलं जातं. अडॅप्टर घ्यावा. पितळेचा असेल तर शिसेमुक्त, नाहीतर स्टेनलेस स्टीलचा. वॉशर जोडीनं घ्यावेत, एक नेहमी घरंगळून जातो. आणि धर्मशाळेचा नळ नुसत्या तोटीचा निघाला तर सगळे अडॅप्टर खिशात ठेवून नळी आवळायची क्लिप बाहेर काढायची. क्लिपही नसली तर सायकलच्या ट्यूबची पट्टी. फक्त तिच्या गाठीला रोज मुंग्या लागतात.

भरायच्या आधी नळीतलं पाणी सोडून द्यायचं. अर्ध्या इंचीच्या पंधरा मीटरमध्ये दोन लिटर मावतं, पाऊण इंचीत चार. ऊन असेल तर ते कढत असतं, आणि कढत पाण्यातच नळीतून सुटलेला सगळा माल उतरलेला असतो. तेवढी बादली झाडाला. नळीचं टोक टाकीतल्या पाण्यात बुडवू नये, वर चार बोटं ठेवावं, नाहीतर मध्येच नळ गेला की टाकीतलं पाणी उलटं लाइनीत. भरून झालं की नळी उंच धरून निथळवायची, हातभर घेराचं वेटोळं करायचं आणि दोन्ही तोंडं एकमेकांत अडकवायची. हे शेवटचं विसरू नये. उघडं तोंड दिसलं की कुंभारीण माशी चार दिवसांत आत मातीचं घर बांधते, आणि पुढच्या गावी टाकीत गाळाबरोबर अळ्याही जातात.

दर हंगामाला एकदा क्लोरिन. सुगंध न घातलेलं पाच टक्क्यांचं हायपोक्लोराइट (द्रवरूप ब्लीच) दहा लिटर पाण्यात दहा मिलिलिटर टाकलं की लिटरला पन्नास मिलिग्रॅम होतं. नळी त्यानं भरून, तोंडं बंद करून, सावलीत चार तास ठेवायची, मग वास जाईपर्यंत धुवायची. टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकणाऱ्यांचा हात सढळ असतो, तो इथे आवरावा. आणि संडास धुवायचं अॅसिड त्याच्या आसपासही नको, दोन्ही मिसळले तर विषारी वायू होतो. नळीला कार्बन फिल्टर लावायचा मोह होतो. तो क्लोरिन काढून टाकतो आणि मग टाकीत बिनराखणीचं पाणी दोन दिवस साठून राहतं. फिल्टर टाकीच्या पुढे, प्यायच्या नळाशी लावावा.

एवढं सगळं जमवून, पांढरी नळी, स्टीलचा अडॅप्टर, दोन वॉशर, दोन टोपणं घेऊन गाडी मे महिन्यात चोपड्याच्या पुढे कुठेतरी उभी राहते. नळ सहा दिवसांनी येणार असतो. टँकर येतो. टँकरवाला मागून दोन इंची काळा पाइप ओढतो, जो आत्ताच धुळीतून, शेणातून, कुणाच्यातरी ड्रममधून निघालेला आहे, आणि म्हणतो, कुठे टाकू भाऊ, लवकर सांगा, पुढे अजून चार गल्ल्या आहेत.

पांढरी नळी तेव्हा वेटोळं करून, तोंडात तोंड अडकवून, खणात व्यवस्थित ठेवलेली असते.