चटणी कोरडी की तेलकट? खोक्याच्या तपासणीचा माझा अनुभव

आमच्या बचत गटाची जवसाची चटणी पुण्याच्या एका दुकानदाराला आवडली. पण त्यानं अट घातली की खोक्याचा तपासणी अहवाल पाहिजे. चटणीचा नाही, खोक्याचा! वरुड तालुक्यातल्या आमच्या गावात हे सांगितलं तर बाया हसल्याच. "खोकं काय खाचं हाये काय बाप्पा?"

खायचं नाही, पण खोक्यातलं चटणीत उतरतं. जुन्या रद्दीपासून केलेल्या पुठ्ठ्यात छपाईच्या शाईतली खनिज तेलं राहून जातात आणि वाफेच्या रूपानं अन्नात शिरतात, कोरड्या अन्नातसुद्धा. वर्तमानपत्रात अन्न बांधायला 2018 च्या पॅकेजिंग नियमांत मनाई आहे ती उगाच नाही. आमच्या चौकात अजून भजी त्यातच मिळतात, तो भाग वेगळा.

नोंदणी, लेबल वगैरे आधीच झालेलं होतं. नागपूरची प्रयोगशाळा शोधणंही अवघड गेलं नाही. अडलं ते तिथल्या नमुना अर्जावर.

अर्जात एक रकाना होता, अन्नाचा प्रकार: कोरडं, पाणीदार, आंबट, तेलकट. काउंटरवरच्या पोरानं विचारलं, "पावडर आहे ना ताई? मग कोरडं." आणि खूण करायला पेन उचललं. मी म्हटलं, थांब. जवसात चाळीस टक्क्यांच्या आसपास तेल असतं. कुटल्यावर ते सुटतं, उन्हाळ्यात तर बोटांना चिकटतं. तो म्हणाला, "काही फरक पडत नाही."

फरक पडतो. तपासणीत खरी चटणी घेत नाहीत, तिच्या जागी एखादं द्रव घेतात. पाणीदार पदार्थासाठी शुद्ध पाणी, आंबटासाठी तीन टक्के अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड, तेलकटासाठी एन-हेप्टेन. आमच्या खोक्याला आतून प्लास्टिकचा पातळ थर आहे, म्हणून प्लास्टिकचीच मर्यादा लागू: चौरस डेसिमीटरला 10 मिलिग्रॅमपेक्षा जास्त उतरायला नको. कोरड्यावर खूण केली असती तर तेलाची परीक्षा झालीच नसती आणि छान अहवाल हातात पडला असता. बिनकामाचा.

"रसायनतज्ज्ञांना विचारा," तर ते रजेवर. ईमेल केला, उत्तर नाही. फोन केला तर "खोकेवाल्याचं पत्र आणा, आतला थर कशाचा आहे ते." खोकेवाला म्हणे, "ताई, फूड ग्रेडच आहे ना!" फूड ग्रेड म्हणजे कोणत्या कागदाचं, कोणत्या थराचं, हे लिहून द्यायला मात्र तयार नाही. पुढची छपाई दुसरीकडे देते म्हटल्यावर पत्र आलं. तोवर दुकानदाराचे मेसेज सुरूच, "मॅडम, काय झालं?" इतका वेळ तर आमच्या शेतातल्या मोटरच्या वीज जोडणीलाही लागला नव्हता.

शेवटी मी रात्रभर चटणी ठेवलेला साध्या पुठ्ठ्याचा तुकडाच घेऊन गेले. मधोमध पिवळसर गोल डाग, उजेडात धरला तर आरपार दिसणारा. रजेवरून परतलेल्या बाईंनी तो खिडकीशी धरला आणि म्हणाल्या, "हे तेलकटच." काउंटरवरच्या पोराकडे मी मुद्दाम बघितलं.

नमुना देताना प्लास्टिकच्या पिशवीत किंवा पेपरात गुंडाळू नका, अ‍ॅल्युमिनियम फॉइलमध्ये द्या. छापलेलं खोकंच द्या, कोरा पुठ्ठा नको, कारण शाईही तपासायची असते. एनएबीएलचा, म्हणजे प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या मंडळाचा, नुसता शिक्का बघू नका. त्या प्रयोगशाळेच्या मान्यतेच्या यादीत तुमची चाचणी आहे का ते बघा.

एकूण उतरणारा अंश मर्यादेत निघाला, शिसं आणि कॅडमिअमही ठीक. पण खनिज तेलांची चाचणी यात नसते, ती वेगळी मागावी लागते आणि पैसेही वेगळे. हे कोणी आपणहून सांगत नाही. आम्ही आता चटणी आधी फॉइलच्या पाकिटात भरतो, मग खोक्यात. साध्या पॉलिथिनच्या पिशवीतून ही तेलं हळूहळू का होईना, आरपार जातात. मागची बाजू करडी असलेला पुठ्ठाही बंद केला, तो बहुतेक रद्दीचाच असतो.

आणि हो, अहवालावर खोक्याचा लॉट नंबर आणि पुठ्ठ्याचं जीएसएम, म्हणजे चौरस मीटरला किती ग्रॅम वजन, ते लिहून घ्या. आमच्या अहवालावर आधी नुसतं "खोका, एक नग" लिहिलं होतं. दुकानदारानं तो परत पाठवला आणि मी पुन्हा त्याच काउंटरवर.