जुन्या सायबरपंक ॲनिमेतल्या बायका: बबलगम क्रायसिस संपवली, पुढे काय

तर मंडळी, बबलगम क्रायसिस या जपानी ॲनिमेचे (सायबरपंक, म्हणजे यंत्रमानव आणि बलाढ्य कंपन्यांच्या भविष्यातली गोष्ट) आठही भाग झाले बघून! 1987 ते 1991 मध्ये आलेली ओव्हीए आहे, म्हणजे टीव्हीवर नाही, थेट व्हिडिओवर विकायला काढलेली, त्यामुळे एकेका भागावर पैसा आणि वेळ ओतलेला कळतो. पहिल्या भागाची सुरुवातच बघा, नायिकांपैकी एक, प्रिस, स्टेजवर गातेय आणि तिकडे शहरात बूमर (यंत्रमानव) सुटलाय, दोन्ही आलटून पालटून. काय एडिटिंग आहे राव!

मला सगळ्यात काय भिडलं तर या टीममधल्या चौघी नायिकांना पोटापाण्याचे उद्योग आहेत. सिलियाचं अंतर्वस्त्रांचं दुकान, लिना एरोबिक्स शिकवते, नेने तर एडी पोलिसांतच (बूमरांना आवरणारे पोलीस) नोकरीला, आणि रात्री हार्डसूट, म्हणजे यांत्रिक चिलखत, चढवून जेनॉम कंपनीच्या बिघडलेल्या बूमरांशी मारामारी. आणि मार लागतो हो त्यांना! पाचव्या भागात (स्पॉयलर आहे, न बघितलेल्यांनी ही ओळ सोडा) प्रिसला स्वतःच्या मैत्रिणीला, सिल्व्हीला, मारावं लागतं आणि पुढच्या भागात ती टीमच सोडून जाते, म्हणजे जिंकल्यावरही ते ओझं पुढच्या गोष्टीत तसंच येतं, आजच्या कितीतरी ॲक्शनमध्ये हे विसरूनच जातात.

हेच डोक्यात होतं म्हणून लगेच 1995 चा घोस्ट इन द शेल परत लावला, फक्त शेवटच्या रणगाड्याच्या सीनसाठी. नायिका मोतोको, जिचं शरीर यांत्रिक आहे, रणगाड्यावर चढून झाकण उपटायला बघते, पाठीचे स्नायू फुगतात, कातडी ताणते आणि शेवटी हातच उखडतात, झाकण काही निघत नाही. हे सगळं हाताने काढलंय, फ्रेम फ्रेम थांबवून बघितलं तर प्रत्येक चित्रात जोर दिसतो. ती हरते तिथे, पण माझ्यासाठी अख्ख्या पिक्चरमधली तिची सगळ्यात मोठी फाईट तीच. दिग्दर्शक ओशीने तिथे तिला सुंदर दिसायला लावलं नाही याबद्दल मी त्याचा कायमचा फॅन.

बॅटल एंजलची 1993 ची ओव्हीए पण झाली, दोनच भाग, नायिका गॅली आवडली पण गोष्ट फार घाईत उरकलीय, मांगा (मूळ जपानी कॉमिक) वाचायलाच हवा.

आता आर्मिटेज थ्री, चार भाग, मंगळावरचं. डबिंग नको, जपानी आवाज आणि सबटायटल्सच. कुणी बबलगम क्रायसिसच्याच जगातली एडी पोलीस फाइल्स बघितली असेल तर सांगा, ती आर्मिटेजच्या आधी बघू का नंतर?