स्टॅनली पार्क स्केचबुक, आठवडा सहावा: पिवळा जमला, आता सीडर

मंडळी, व्हँकुव्हरच्या स्टॅनली पार्कात जलरंगात चित्रं काढायचा सहावा रविवार झाला. मागच्या वेळी चित्रातल्या मॅपलच्या रंगांचा पार चिखल झाला होता तो यावेळी सुटला. बिगलीफ मॅपलचा पिवळा ओला असतानाच मी मागच्या झाडांचा हिरवा त्यात घुसवत होते, म्हणून यावेळी पिवळा वॉश (पातळ रंगाचा थर) देऊन सीवॉलवरच्या (पाण्याकाठच्या वाटेवरच्या) बाकावर अर्धा तास नुसती बसून राहिले (व्हँकुव्हरच्या ऑक्टोबरात कागद वाळता वाळत नाही) आणि मग कडेकडेने गडद हिरवा लावला, तर पानं काय उजळली! व्हाइन मॅपलचा लाल अजून भडक येतोय.

पण मोठा बदल पार्कातल्या ब्रॉक्टन पॉइंटला झाला. मी आपली तिथले टोटेम पोल (कोरलेले उंच लाकडी खांब) इथल्याच मूळ रहिवाशांचे समजून रंगवत होते. मग वाचलं की त्यातले बरेचसे उत्तरेकडच्या किनाऱ्यावरच्या लोकांच्या परंपरेतले, १९२० च्या दशकात जमवायला सुरुवात झाली आणि १९६० च्या दशकात ते या जागी आले. ही जमीन मस्क्वीम, स्क्वामिश आणि स्लेल-वॉटुथ या मूळ रहिवासी लोकांची, आणि त्यांच्याकडे कोरायची पद्धत म्हणजे घराचे खांब. तिथेच जवळ मस्क्वीम कलाकार सुझन पॉइंट यांनी कोरलेली रेड सीडरची तीन प्रवेशद्वारं आहेत, २००८ ची. इतके दिवस त्यांच्या खालून ये-जा करत होते आणि वहीत एक रेघ नाही, याचं फार वाईट वाटलं. आता तीन पानं त्यांचीच. कोरीवकामाची नक्कल करत नाही, ते त्यांचं आहे, मी फक्त दाराचा आकार आणि त्यातून दिसणारं पाणी घेते.

सीडरची सालसुद्धा जवळून बघा, उभ्या लांब पट्ट्या सुटतात, हाताला काथ्यासारखी लागते. याच सालीच्या आतल्या थराचे दोर आणि कपडे व्हायचे, लाकडाच्या फळ्यांची घरं, अख्ख्या खोडाची होडी. बर्न्ट सिएनात (तांबूस तपकिरी) किंचित अल्ट्रामरीन (निळा) टाकून ड्राय ब्रशने (जवळजवळ कोरड्या ब्रशने) ती साल बरी उतरते.

पार्कातल्याच लंबरमन्स आर्चच्या हिरवळीवर ख्वायख्वाय नावाचं गाव होतं. १८८८ मध्ये पार्कचा रस्ता करताना पिढ्यान्‌पिढ्या साचलेला शिंपल्यांचा थर खणून तेच शिंपले रस्त्यावर पसरले, आणि मध्ये आलेल्या राहत्या घराचा भागही तोडला. आता तिथे गवत आणि पिवळी पानं, शिंपला कुठे दिसत नाही. म्हणून पुढच्या चित्रात सगळीकडे रंग भरून तो रस्ता तेवढा कोरा कागद ठेवायचाय. त्यासाठी मास्किंग फ्लुइड (रंग लागू नये म्हणून कागदावर लावायचा, नंतर सोलून काढायचा द्रव) वापरू का हातानेच जागा सोडू? कोणी केलं असेल तर सांगा, माझा कागद ३०० जीएसएम कोल्ड प्रेस (जाड, किंचित खरखरीत) आहे.