तळ लागना का?

पाण्यात उतरलं की मला आधी तळ पाहिजे. लग्नाच्या निमित्ताने एखाद्या रिसॉर्टवर मुक्काम पडला की बाकीचे धडाधड उड्या मारतात आणि मी काठ धरून तळ चालून पाहत असतो. टाच कुठवर टेकते, नुसता अंगठा कुठवर, आणि कुठून पुढे तोही नाही, एवढा हिशोब झाला की मग खुशाल पोहतो. बायको याला भित्रेपणा म्हणते. मी चौकशी म्हणतो.

म्हणूनच भाच्याने विचारायला बरोबर माणूस गाठला. मे महिना, धुळ्यात दुपारी रस्त्यावर कुत्रंही नाही, मी शेवभाजी खाऊन आडवा झालेलो आणि फोनवर चार चित्रं येऊन पडली. अमळनेरकडच्या शेतात त्याने घर बांधलंय, आता घरामागे स्विमिंग पूल. ‘मामा, यातला कोणता तळ करू ते सांगा. आज ऑर्डर द्यायची आहे.’

वरचा आकार त्याने कोणालाच विचारला नव्हता. ३२ बाय १६ फुटांचा सरळ आयत. तो विचारायचा नसतोच, ड्रोनच्या फोटोत येतो. तळावर मात्र घोडं अडलेलं, कारण हा आपल्याकडचा सिमेंट-टाइल्सचा हौद नव्हे. हा विनाइल लायनरचा, अमेरिकेत घरोघरी मागच्या अंगणात असतो तसला. खड्डा घ्यायचा, भोवती पत्र्याच्या नाहीतर पॉलिमरच्या भिंती उभ्या करायच्या, तळ वाळू-सिमेंटने घोटून गुळगुळीत करायचा आणि वरून प्लॅस्टिकची एकसंध चादर अंथरायची. ही चादर कारखान्यात तळाच्या मापाने बेतून येते. म्हणजे सिमेंटवाल्या हौदात गवंड्याला जागेवर ‘अजून थोडं उतरव’ म्हणता येतं, तसं इथे नाही. आधी तळ ठरवा, मग माप द्या. खड्डा वेगळा आणि चादर वेगळी निघाली की कुठे सुरकुती, कुठे ताण. चादर बसवताना तिच्या मागची हवा व्हॅक्यूमने ओढून घेतात, ती भिंतीला चिकटते, उरलेल्या सुरकुत्या अनवाणी पायांनी सारायच्या आणि मग पाणी सोडायचं. हे वाचून मला उगाचच त्या कामावर जावंसं वाटलं.

चित्रांपैकी हॉपरचा तळ भाच्याच्या मनात भरलेला. एका बाजूला साडेतीन फूट सपाट, मग एकदम उतार, आणि खोल बाजूला चारही अंगांनी उतरत जाऊन मधोमध लहानशी सपाट जागा, पेरणीच्या पाभरीवर बी सोडायचं चाडं असतं तशी. तिथे आठ फूट. का? तर सूर मारायला. आता आमच्या घरात सूर मारणारं कोण उरलंय? भाच्याचे गुडघे गेले, त्याच्या मुलाला मोबाइल भिजायची भीती.

आम्ही मारायचो. आजोळच्या विहिरीत, आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, गेलो की. पाठीला पत्र्याचा डबा नाहीतर पांगाऱ्याची लाकडं बांधून नवशिक्यांना वरून लोटून द्यायचे, हा तर शिक्षणाचा रिवाजच होता. ते एकदा जमलं की पुढची परीक्षा तळाची. थोरला मामा विहिरीच्या काठावरच्या थारोळ्यावर पाय सोडून बसलेला असायचा. आपण बुडी मारायची, कानात दडा बसेपर्यंत खाली जायचं, वर आलं की त्याचा अहिराणीत आवाज यायचा, ‘तळ लागना का?’ म्हणजे तळ लागला का? नुसतं हो म्हणून चालत नसे. ‘माटी दखाड!’, माती दाखव. मग मूठ उघडायची. मुठीत काळा, गार, वास मारणारा चिखल असला तर पास. चिखल पाण्यातून वर येताना बोटांतून निसटून जायचा आणि खरोखर तळ गाठलेला पोरगा नापास व्हायचा. त्याच्यावर कोणी विश्वास ठेवायचं नाही. माझा एक मावसभाऊ यावर उपाय म्हणून चड्डीच्या खिशात काठावरचाच चिखल भरून उडी मारायचा. पुढे तो वकील झाला.

त्या विहिरीचा तळ मला वर्षानुवर्षं फक्त मुठीएवढाच ठाऊक होता. मग एका उन्हाळ्यात पाणी पार आटलं, गाळ काढायला माणसं उतरली आणि वरून वाकून पाहिलं. एवढासाच होता. दोन तांबे, एक बिनकडीची बादली, कुठलीतरी चप्पल. एका कोपऱ्यात मात्र आणखी कमरेएवढा खड्डा मुद्दाम खणलेला, इंजिनाच्या पाइपाचा फुटबॉल, म्हणजे पाणी ओढणाऱ्या टोकाचा फूट व्हॉल्व्ह, बसवायला. विहीर सगळी आटली तरी शेवटचं पाणी तिथे जमायचं आणि केळीला अजून एक पाळी मिळायची. म्हणजे हॉपर आमच्याकडेही होताच. फक्त तो सूर मारायला नव्हता, शेवटच्या पाण्यासाठी होता.

पाण्यावरून आठवलं. भाच्याच्या पुलात सपाट साडेतीन फूट तळ ठेवला तरी ५० हजार लिटर लागतात. १० हजारी टँकर पाच. हॉपर केला की जवळपास दीडपट. मे महिन्यात अमळनेर तालुक्यात टँकरवाल्याला ‘पोहायला पाहिजे’ असं सांगायला भाचा जाणार की मामाला पाठवणार, हे मी विचारून ठेवलंय.

शिवाय जमीन काळी. खानदेशातल्या काळीला उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसात तीच फुगते. वरून मऊ चादर असल्याने ती थोडंफार सोसते, पण खालचा घोटलेला तळ सोसत नाही. त्यातून भरपावसात खड्ड्याभोवती पाणी साचलं तर ते खालून चादरीला उचलतं आणि तळ तरंगायला लागतो. तरंगणारा तळ! माझ्यासारख्या चौकशीखोराने करायचं काय अशा वेळी? मी त्याला कळवलं की मुरूम टाक, खालून पाणी निघायला पाइप ठेव. हे त्याला गावातल्या कोणत्याही म्हाताऱ्याने सांगितलं असतं, पण त्या म्हाताऱ्याला तो चित्रं पाठवत नाही.

दुसरं एक चित्र मला आवडलं. दोन्ही टोकांना उथळ, मधे पाच फुटांची पन्हळ. व्हॉलीबॉल खेळायला म्हणे. खेळू नका, पण दोन्ही टोकांना माणसं उभी राहू शकतात. एकीकडे जावई, दुसरीकडे सासरे, मधे पाच फूट पाणी. आमच्या घराण्यात याहून सोयीचा तळ निघणार नाही. आपल्या लोकांना पाण्यात पोहायचं नसतंच फारसं. छातीपर्यंत पाण्यात उभं राहून कापसाचा भाव आणि कोणाच्या पोरीचं कुठे जमलं, एवढं बोलायचं असतं. त्याला सपाट तळ बेस. मी तसं लिहिलंही. त्यावर भाच्याचं उत्तर, ‘मामा, मग त्यापेक्षा शेततळ्यातच उभे राहू ना.’

हे वाचून मी उठून बसलो.

त्याच्या शेतात शेततळं आहे. ३० मीटर बाय ३० मीटर, खोली तीन मीटर, २०१६ साली ‘मागेल त्याला शेततळे’ आलं तेव्हाचं. त्यातला प्लॅस्टिकचा कागद ५०० मायक्रॉनचा, म्हणजे अर्धा मिलिमीटर. पुलाच्या साध्या लायनरची जाडीही जवळपास तेवढीच. कागदाची जात वेगळी, पण ओला झाला, वर शेवाळ धरलं की दोन्ही सारखेच. तिथे मात्र टाच टेकणारी जागाच नाही. चारही बाजूंनी नुसता उतार. पाय घसरला की माणूस खाली जातो, आणि पट्टीचा पोहणारा असला तरी त्या उतारावरून त्याला वर येता येत नाही, कारण हाताला धरायला काही नसतं. दर उन्हाळ्यात पेपरात अशा बातम्या असतात. बहुतेक पोरंच असतात, दोन-दोन, एकाला काढायला दुसरा उतरलेला.

मी फोनच लावला. ‘पुलाचं राहू दे. तुझ्या शेततळ्यात दोर सोडलेत का?’

‘एका बाजूने होता मामा. सडला असेल.’

‘आज चारही बाजूंनी बांध. नायलॉनचा, गाठी मारून, खालपर्यंत. जुन्या ट्यूबा असतील तर हवा भरून त्याही सोड. आणि कुंपणाचं दार?’

‘त्याचं बिजागर…’

‘ते पण आजच.’