पौषातलं गॅदरिंग

गॅदरिंगची तारीख हेडमास्तर ठरवतात असं मुलांना वाटायचं. ती ठरवायचं पंचांग. सातारा-सांगलीकडच्या बाजाराच्या गावांत, वीज आली नव्हती त्या काळात आणि ती येऊनही ऐन वेळी जायची त्या काळातही, शाळेचं स्नेहसंमेलन बहुतेक पौषातच व्हायचं. पौषात लग्नं नसतात. म्हणजे मांडववाल्याच्या कनाती रिकाम्या, बँडवाल्याच्या गॅसबत्त्या रिकाम्या आणि पेटीवालाही घरी. त्यातही शुद्ध एकादशी ते पौर्णिमा हेच दिवस धरायचे, कारण वाड्यावस्त्यांवरून आलेल्या बैलगाड्यांना रात्री एक-दोन वाजता परतायला चांदणं लागतं. बाजाराचा वार तेवढा टाळायचा. ज्या फळ्यांवर नाटक व्हायचं, त्याच फळ्यांवर दुकानदार त्या दिवशी माल मांडून बसलेला असे.

या भागात हायस्कुलं उभी राहिली ती लोकवर्गणीवर आणि श्रमदानावर. रयत शिक्षण संस्था १९१९ साली कराडजवळच्या काले इथे निघाली. स्वातंत्र्यानंतर तिच्या आणि इतरही संस्थांच्या शाळा गावोगाव झाल्या, पण पुष्कळ ठिकाणी पहिले वर्ग देवळाच्या ओवरीत, धर्मशाळेत नाहीतर कुणाच्या वाड्याच्या सोप्यात भरले. जिथे बसायची जागाच मागून घेतलेली, तिथे रंगमंच मागून आणायला कोण लाजणार? म्हणून संमेलनाची खरी सुरुवात तालमीने नाही, तर उसनवारीच्या वहीने व्हायची.

वहीत पाच रकाने: वस्तू, नग, कुणाकडून, खूण, परत. यातला खुणेचा रकाना सगळ्यांत महत्त्वाचा. तांब्या-पितळेच्या भांड्यांवर नावं घातलेलीच असत. जाजमाच्या कोपऱ्याला रंगीत दोऱ्याचा टाका घालायचा. फळ्यांवर खडूने लिहिलं तर जाजमाखाली घासून पुसतं, म्हणून कडेला डांबराचा ठिपका द्यायचा. नाटकासाठी आणलेल्या शालूंना चिठ्ठी टाचणीने लावायची नाही, जरीला भोक पडतं. पदराच्या दशीला दोऱ्याने बांधायची. वही सांभाळायचा मान वरच्या वर्गाच्या सेक्रेटरीचा. शालान्त परीक्षा अकरावीला होती तोवर हे सगळं अकरावीकडे असे. दहावीची पद्धत आली आणि पिंपं उचलणारे हात एका वर्षाने लहान झाले.

पिंपं म्हणजे दोनशे लिटरची, डिझेलची रिकामी. त्यांची उंची तीन फुटांना जराशी कमी, त्यामुळे जमिनीवर बसलेल्याला नटाचे पाय दिसतात आणि मानही अवघडत नाही. अठरा फूट रुंद आणि बारा फूट खोल स्टेजला वीस पिंपं पुरतात. रुंदीत पाच, खोलीत चार रांगा. त्यांवर आधी आडवे वासे आणि वाशांवर फळ्या. घाई करणारे वासे गाळून फळ्या सरळ पिंपांवर टाकत, आणि मग कोळीनृत्याच्या दुसऱ्या कडव्याला कुणाचा तरी पाय टोकावर पडून फळी उलटे. फळीचं टोक अधांतरी राहता कामा नये, सांधा वाशावरच आला पाहिजे. खिळे मारायची सोय नाही, कारण माल दुसऱ्याचा. सगळं काथ्याने आवळायचं. पिंपांची बुचं घट्ट लावलेली आहेत ना, हे एका शिक्षकाने स्वतः फिरून बघायचं. रिकाम्या पिंपातल्या वाफेला ठिणगी लागली तर ती भरलेल्या पिंपापेक्षा वाईट. शिवाय फळी आणि पिंप यांच्यामध्ये गोणपाटाच्या घड्या कोंबायच्या, नाहीतर महाराजांच्या प्रत्येक पावलाला नगारा वाजतो. लेझीम मात्र स्टेजवर कधीच घ्यायचं नाही, ते समोरच्या मैदानात, उजेड असतानाच उरकायचं.

पडद्याची तार दोन खांबांना बांधली की मधे झोळ येतो आणि सगळ्या कड्या त्या झोळात गोळा होतात. त्यावर उपाय म्हणजे तारेचं एक टोक झाडाला अडकवून दुसरीकडे पहारीने पीळ द्यायचा आणि तारेवर मेणबत्ती घासायची. एवढं करूनही रात्री पडतं दव. ओढायची सुती दोरी भिजून आखडते, आणि अफझलखान पडलेला असूनही पडदा पडत नाही. जाणते लोक दोरीला संध्याकाळीच वीतभर ढील देऊन ठेवत.

सगळ्यांत नाजूक प्रकरण गॅसबत्तीचं. टाकी पाऊणच भरायची, वर हवेला जागा लागते. मेंटल, म्हणजे तापून उजेड देणारी जाळीची पिशवी, बांधायचं, वाटीत स्पिरिट ओतून पेटवायचं आणि ते विझत आलं की पंप मारायचा. नळी पुरती तापायच्या आत पंप मारला तर रॉकेलची वाफ न होता ते तसंच वर येतं, पिवळी ज्योत भडकते आणि मेंटल काळं पडतं. एकदा पेटलेलं मेंटल म्हणजे नुसती राखेची जाळी. म्हणून बत्ती स्टेजच्या खांबाला न टांगता वेगळा बांबू रोवून त्याला टांगायची. फळ्यांचा हादरा तिच्यापर्यंत पोचता कामा नये. उजेड तांबूस दिसू लागला की पंप, फुरफुरली की पीन घालून तोटीचं भोक साफ करायचं. अंधाराचा प्रवेश असेल तर बत्ती विझवायची नाही, पुन्हा पेटायला पाच-सात मिनिटं जातात आणि तेवढ्यात मागची पोरं शिट्ट्या सुरू करतात. बत्तीपुढे पुठ्ठा धरायचा, झाली मध्यरात्र. बत्तीवाल्या माणसाला नाटकातल्या राजाइतकाच मान असे, आणि चहा त्याच्या आधी.

रंगभूषा ड्रॉइंगच्या सरांकडे. आधी खोबरेल तेलाचा हात, मग झिंक ऑक्साईडमध्ये पिवडी कालवून पातळ थर, गालावर किंचित कुंकू. पिवडी कमी पडली की गॅसबत्तीच्या पांढऱ्या उजेडात मावळे पिशाच्चासारखे निळसर दिसतात. उतरवताना आधी तेल, मग फडकं, पाणी शेवटी. उलट केलं की रंगाचा चिखल होतो आणि तो दुसऱ्या दिवशी सकाळी कानामागे सापडतो. दाढी-मिशा डिंकाने चिकटवायच्या, पण वरचा ओठ मोकळा सोडून, नाहीतर पहिल्या गर्जनेलाच मिशी सुटते. गाण्यांचं दुखणं वेगळंच. दिवाळीनंतर तालमी सुरू होताना पेटीच्या काळी चार या उंच पट्टीत लख्ख गाणाऱ्या नववीतल्या पोराचा आवाज पौषापर्यंत फुटलेला असे. त्याच्या जागी गाणारी एक मुलगी पहिल्यापासून तयार ठेवणं हाच इलाज.

शेलापागोट्यांच्या, म्हणजे एकमेकांची चेष्टा करणाऱ्या, चिठ्ठ्या पेटीतून थेट वाचायच्या नाहीत. दोन शिक्षकांनी त्या चाळायच्या आणि घराणं, जात, धंदा, रूप यांवरच्या सगळ्या बाजूला काढायच्या. लहान गावात चेष्टा मुलाची असली तरी समोर जाजमावर त्याचा आख्खा भावकीचा गोतावळा बसलेला असतो. उरत त्या बऱ्याचदा मिळमिळीत असत, तरी टाळ्या त्यांनाच सर्वांत जास्त.

अहवालवाचनाला लोक कंटाळायचे असं म्हणतात, ते अर्धंच खरं. पटसंख्या, निकाल हे ऐकताना कुजबुज चाले, पण देणगीदारांची यादी सुरू झाली की मैदान चिडीचूप. कुणी खोलीला दगड दिला, कुणी पत्रे, कुणी नुसतीच चार दिवस गाडी. ते अहवाल आज जिथे शिल्लक आहेत, तिथे गावाचा इतिहास ग्रामपंचायतीच्या दप्तरापेक्षा त्यांत जास्त सापडतो. विहीर कधी आटली, एसटी कधी सुरू झाली, मुलींचा पट कोणत्या वर्षी वाढला, सगळं ओझरतं का होईना, आलेलं असतं.

दुसऱ्या दिवशी खीर. शंभर मुलांना खपली गहू पाच किलो आणि साधारण तेवढाच गूळ. गहू रात्री ओला करून सकाळी कांडायचा, कोंडा पाखडायचा आणि पुरता मऊ होईपर्यंत नुसत्या पाण्यात शिजवायचा. गूळ आधी पडला तर गहू तिथेच अडतो, मग कितीही जाळ घाला. दूध पातेल्यात ओतायचं नाही, गुळाने फाटतं. ताटात ज्याच्या त्याला वरून. तळाला लागल्याचा वास आला तर ढवळायचं नाही, वरची खीर अलगद दुसऱ्या पातेल्यात काढून घ्यायची. खालची खरवड वाढप्यांची.

मग परतफेड. पिंपं आधी, कारण त्यांची डेपोत वाट बघत असतात. फळ्या बाजाराच्या आत. जाजमं उन्हात झटकून. शालू सगळ्यांत शेवटी आणि ते शिक्षिकेनेच घरी जाऊन द्यायचे. हरवलेल्या वस्तूची भरपाई संमेलनाच्या वर्गणीतून व्हायची, मात्र गॅसबत्तीच्या पिनांचा हिशेब वहीत कधीच धरत नसत. त्या परत येत नाहीत हे बँडवाल्यालाही ठाऊक होतं.