या वयात डिग्री कशाला, हे तुम्ही विचारलंत म्हणून

"इतकी वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढलीत, आता कम्प्युटर सायन्सच्या डिग्रीमागे कशाला लागलात? आणि स्वस्तात कुठे होते हो?" दोन्ही प्रश्न एकाच दमात येतात. पहिल्यात खोच असते, दुसऱ्यात गरज. दुसऱ्याचं उत्तर सोपं, म्हणून ते आधी.

फी कशावर आकारतात ते बघा. अमेरिकेतली ऑनलाइन वेस्टर्न गव्हर्नर्स युनिव्हर्सिटी दर सहामाहीला ठरावीक फी घेते, तेवढ्यात जितके विषय काढाल तितके तुमचे. काम करून ज्याला निम्मं येतंच, त्याची चंगळ. युनिव्हर्सिटी ऑफ द पीपल शिकवण्याचे पैसे घेत नाही, विषयागणिक मूल्यमापनाचे घेते. लंडन विद्यापीठाची बीएस्सी २०१९ मध्ये कोर्सेरा या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावर सुरू झाली. जॉर्जिया टेकचा २०१४ साली सुरू झालेला ऑनलाइन अभ्यासक्रम सगळे मला पाठवत असतात. तो मास्टर्सचा आहे हो, त्याला आधी पदवी लागते! आणि जुने क्रेडिट, म्हणजे आधी पास झालेले विषय, धरतात का, हे पैसे भरण्याआधी लेखी विचारा. खरी बचत तिथे होते.

आता खोचेचं. डिग्रीशिवाय बढती अडेल, असं मला साहेबांनीच सांगितलं होतं.

ऑटोमाटाची, म्हणजे गणनयंत्रांच्या कागदी नमुन्यांच्या विषयाची, परीक्षा होती, ऑनलाइन. कॅमेरा फिरवून खोली दाखवायची, टेबलाखालचंही दाखवायचं, फोन बाहेर. रजा मंजूर होती, ऑन-कॉल, म्हणजे सिस्टिम बिघडली तर धावायची पाळी, सहकाऱ्याकडे होती. हे आधीच सांगतो, कारण पुढचं ऐकून लोक तेच विचारतात. पहिलाच प्रश्न: आधी काही 'अ', मग तितकेच 'ब', ही भाषा (म्हणजे अशा अक्षरओळींचा संच) रेग्युलर नाही, म्हणजे मर्यादित आठवणीच्या यंत्राला ओळखता येत नाही, हे सिद्ध करा. मर्यादित स्थितींच्या यंत्राला हवं तितकं मोजता येत नाही. पंपिंग लेमा, म्हणजे हेच दाखवायचं ठरलेलं प्रमेय, लावायचा, बस. लिहायला लागलो आणि दाराबाहेर फोन थरथरू लागला. लाकडी कपाटावर होता, त्यामुळे घरभर घरघर. थांबायचा, पुन्हा सुरू. उठलो तर पेपर रद्द. दाराकडे नुसती मान वळली तरी स्क्रीनवर ताकीद. बसून राहिलो, सिद्धता पुरी केली.

बाहेर आलो तोवर पेमेंटची सिस्टिम पडून परत उभीही राहिली होती. सहकाऱ्याने निस्तरलं होतं. पण पुढच्या आढाव्यात 'शिक्षणामुळे उपलब्धता कमी' एवढं वाक्य आलं आणि टीम दुसऱ्याकडे गेली. आढावा त्याच साहेबांनी लिहिला होता.

पूर्वी मीच ऐकवायचो की अमेरिकेतल्या एमआयटीने अभ्याससाहित्य फुकट खुलं करण्याची घोषणा २००१ मध्येच केली, मग कागद कशाला? तो जुना मी अजून हरलेला नाही. कोड लिहायला डिग्री लागली नाही, आजही लागत नाही. पण फुकटच्या व्हिडिओंत ऑटोमाटा मी बिनदिक्कत गाळला असता. "गाळला असतास तर काय बिघडलं असतं?" असं तो विचारतोच. फारसं काही नाही. मध्यंतरी एक जण कंसात कंस असलेला मजकूर साध्या रेग्युलर एक्सप्रेशनने (मजकुरातला नमुना शोधायच्या सूत्राने) पकडायला निघाला होता, त्याला ते का जमणार नाही हे कागदावर दाखवू शकलो. एवढंच.

काही विषय अजून बाकी आहेत. पुढचा कंपायलरचा, म्हणजे कोडचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामचा. रजेचा अर्ज टाकलाय, या वेळी कारण लिहिलेलं नाही.