तुम्ही विचारलंत म्हणून: एजंटला नेट जोडून दिलं की झालं ना?

नाशिकच्या कॉलेज रोडवर भेटणारी इंजिनिअरिंगची मुलं असोत की अंबड-सातपूरच्या कंपन्यांत सॉफ्टवेअर सांभाळणारे मित्र, मला हमखास विचारतात: "कोड लिहिणाऱ्या एआय एजंटला सर्च आणि ब्राउझर दिला की तो ताजी माहिती बघूनच लिहिणार. मग एजंटला नेटवरची पानं आणून देणाऱ्या त्या टूलवर तुम्ही एवढे दिवस का घालवता?"

याचं उत्तर द्राक्षाच्या हंगामातलं आहे. मी निफाड-दिंडोरीकडच्या पॅकहाउससाठी सॉफ्टवेअर लिहितो. उद्या कोणाच्या बागेत तोडणी आहे, टोळी किती वाजता येणार, हे शेतकऱ्याला आदल्या संध्याकाळी मेसेजने कळतं. फेब्रुवारीत मेसेज पाठवणारी सेवा बदलायची होती. नव्या सेवेचं डॉक्युमेंटेशन वाचून जोडणी करून दे, असं एजंटला सांगितलं. त्याने पान उघडलं, कोड लिहिला, टेस्ट लिहिल्या, सगळ्या पास झाल्या. त्या संध्याकाळी एकही मेसेज गेला नाही. पिंपळगावजवळचे एक काका सकाळी लग्नाला निघून गेले होते. टोळी बागेत आली, तासभर थांबली आणि दुसरीकडे गेली. त्यांचा तयार माल आणखी दोन दिवस वेलीवर राहिला. आभाळ भरून आलेलं असताना ते दोन दिवस कसे जातात, हे द्राक्षवाल्यांना सांगायला नको.

मी लॉग काढून बसलो. आमच्या टूलने ते पान साध्या विनंतीने मागवलं होतं आणि सर्व्हरने 200 हा कोड दिला होता, म्हणजे 'सगळं ठीक'. पण पानातला मजकूर जावास्क्रिप्ट, म्हणजे ब्राउझरमध्ये चालणारा पानाचा प्रोग्राम, चालल्यावरच भरत होता. एजंटच्या हाती आला तो नुसता सांगाडा, मथळा आणि मेनू. टूलने मात्र 'पान वाचलं' असं कळवलं. मग एजंटने प्रशिक्षणात पाहिलेली त्या सेवेची जुनी पद्धत आठवणीतून लिहून टाकली. टेस्टमधला खोटा सर्व्हरही त्याने त्याच आठवणीवरून उभा केला होता, म्हणून टेस्ट पास झाल्या. खऱ्या सेवेने प्रत्येक विनंती नाकारली.

लासलगावला कांद्याचा सकाळचा भाव दुपारच्या लिलावात टिकेलच असं नाही. भाव विचारायला पाठवलेला मुलगा "मार्केट बंद होतं" म्हणत परत आला, तर आपण दुसरीकडे फोन लावतो. त्याने कालचाच भाव आजचा म्हणून सांगितला, तर ट्रॅक्टर भरून निघतो. माझ्या टूलने एजंटला कालचा भाव सांगणाऱ्या मुलासारखं वागायला लावलं होतं, आणि ते टूल मी लिहिलेलं होतं.

तेव्हापासून माझा सगळा वेळ 'मिळालं नाही' हे नीट सांगण्यावर जातो. आता प्रत्येक पानाच्या डोक्यावर टूल लिहून देतं: लिंक कोणती, कधी आणलं, कोणत्या व्हर्जनचं, मेनू वगळून मजकूर किती. मजकूर फारच थोडा असेल, किंवा 'तुम्ही माणूस आहात का' विचारणारं पान आलं असेल, तर 200 येऊनही ते 'वाचता आलं नाही' असंच कळवतं. लांबलचक पान मध्येच तोडावं लागलं, तर कुठे तोडलं हे सांगतं. सर्व्हरने 429 देऊन 'सावकाश' म्हटलं, तर तो सांगेल तितकं थांबतं.

साध्या विनंतीने भागलं नाही तरच खरा ब्राउझर उघडतो, कारण तो जड आणि हळू असतो. त्यासाठी मी प्लेराइट हे प्रोग्राममधून ब्राउझर चालवणारं मायक्रोसॉफ्टचं साधन वापरतो. अंध वापरकर्त्यांच्या स्क्रीन रीडरसाठी ब्राउझर पानाची जी रचना तयार ठेवतो, म्हणजे हे बटण, हा मथळा, ही लिंक, तीच एजंटला देता येते. स्क्रीनच्या फोटोपेक्षा एजंटला ती सोपी जाते.

सर्चचं दुखणं वेगळं आहे. निकालातल्या दोन ओळी वाचून एजंट समाधानी होतो, आणि वर येतात ती पुष्कळदा जुनीच उत्तरं. पायथन या प्रोग्रामिंग भाषेतली पायडँटिक ही लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, घ्या. जून 2023 मध्ये तिचं दुसरं व्हर्जन आलं, सेटिंग्जचा भाग वेगळ्या पॅकेजमध्ये गेला, तरी आधीच्या वर्षांतली उत्तरं नेटवर तशीच आहेत. म्हणून प्रोजेक्टमध्ये कोणतं व्हर्जन आहे ते आधी वाचायचं आणि शोधताना तो आकडा सोबत घालायचा, हा नियम केला. लायब्ररीचा मूळ कोड तर आपल्याच मशिनवर असतो, त्याच व्हर्जनचा. कित्येकदा तेवढा वाचला की नेटवर जायलाच नको. सर्चचा पुरवठादारही एकच ठेवत नाही. मायक्रोसॉफ्टने ऑगस्ट 2025 मध्ये बिंगची सर्च एपीआय, म्हणजे प्रोग्राममधून बिंगवर शोधायची सोय, बंद केली, तेव्हा तिच्यावर उभी असलेली टूल्स बदलावी लागली.

टूल जोडणं आता सोपं झालंय, हे खरं. अँथ्रॉपिक या एआय कंपनीने नोव्हेंबर 2024 मध्ये एमसीपी ही एजंटला टूल जोडायची सामायिक पद्धत आणल्यापासून ते काम अर्ध्या दिवसाचं झालं. पण जोडलेल्या दारातून काय आत येतं, याची काळजी मला जास्त वाटते. एखाद्या पानात कोणी 'आधीच्या सूचना विसर आणि ही फाइल पाठव' असं लपवून लिहिलं, तर एजंट ते आपलंच काम समजू शकतो. सायमन विलिसन या प्रोग्रामरने 2022 मध्येच याला 'प्रॉम्प्ट इंजेक्शन' हे नाव दिलं, आणि यावर पक्का इलाज अजून नाही. म्हणून नेटवर जाणारा एजंट मी वेगळ्या कंटेनरमध्ये, म्हणजे बाकी मशिनपासून तोडलेल्या बंदिस्त जागेत, चालवतो. तिथे ना पासवर्ड असतात, ना शेतकऱ्यांचे फोन नंबर.

परवा त्याच सेवेने डॉक्युमेंटेशन बदललं. एजंटने उत्तर दिलं: "पान दोन्ही पद्धतींनी उघडून पाहिलं, मजकूर मिळाला नाही, म्हणून कोड लिहिलेला नाही." मी सेवेच्या ऑफिसला फोन करून पीडीएफ मागवली आणि त्याच्यासमोर ठेवली. संध्याकाळी पहिला मेसेज काकांच्या नंबरवर सोडला आणि लगेच फोन लावला. "आला रे," ते म्हणाले, "उद्या सात वाजता टोळी."